दोन कडव्यांमधली जागा

बोलता बोलता तुम्ही क्षणभर थांबलात आणि कुणी म्हणालं, "थांबू नका, जागा वाया जाते," तर ऐकून घ्याल? मिरचीनं नाही घेतलं.

मिरची हे तिचं छापखान्यातलं नाव. कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवायची हे काम, आणि जिभेला लगाम नाही म्हणून हे नाव. या खेपेला हातात होतं तिच्या ताईच्या कवितांचं पुस्तक. ताई धुलाईच्या कारखान्यात चादरी पिळायची. संप झाला की फाटकावर उभी राहून स्वतःच्या कविता म्हणायची. एक कडवं म्हणायचं नि बोट वर करून थांबायचं. तेवढ्यात संपावरच्या बाया गर्जायच्या, "खरंय!" कुणी शिवी हासडायची, कुणी मुकादमाची नक्कल करायची. मग पुढचं कडवं. घशाच्या ऑपरेशनात ताईचा आवाज कायमचा गेला. आता बोलणार होतं ते पुस्तकच.

मिरचीनं कडव्यांमध्ये ऐसपैस जागा सोडली. कॉम्प्युटरला पानांची मांडणी सांगणाऱ्या कोडच्या माथ्यावर एकच आकडा लिहायचा, की सगळ्या पुस्तकातलं अंतर तेवढंच. सुबक कामाची हीच रीत.

मालकानं कच्ची पानं चाळली. "एवढी पांढरी जागा? कागद काय झाडाला लागतो?"

"झाडालाच लागतो, मालक."

"जीभ आवर. अंतर कमी कर, अख्खा फर्मा वाचतो. सोळा पानं!"

"नाही करणार."

ती चहाला उठली आणि मालकानं तो आकडा खाली आणला. झालं! एका फटक्यात सगळी कडवी एकमेकांच्या अंगावर कोसळली.

तशीच निघालेली पानं मिरचीनं ताईला दाखवायला घरी आणली. ताई ओठ हलवत वाचू लागली. पहिलं कडवं संपलं, सवयीनं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. तिनं पाटी ओढली नि लिहिलं, "बाया कुठं गेल्या?"

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं वरचा आकडा खोडला आणि एकेका कडव्याखाली वेगळं अंतर लिहीत बसली. जिथं बाया फक्त हुंकारायच्या तिथं थोडं, शिव्यांचा पाऊस पडायचा तिथं भरपूर.

शेजारच्या कॉम्प्युटरवर पानं जुळवणारा जुळारी हसला. "अगं बाई, ही कसली अडाणी रीत! उद्या बदलायचं म्हटलं तर जीव जाईल."

"म्हणून तर!"

पुस्तक मशीनवर चढायच्या दिवशी मालक पुन्हा आला. "आकडा कुठाय?"

"वाटून टाकला. आता एकेका कडव्याच्या दारात जाऊन हात पसरा."

"कामावरून काढीन!"

"मला काढाल हो. बायांना कसं काढाल?"

मालकानं दोन कविता आवळून पाहिल्या, तिसरीत भलतंच बिघडलं, तेव्हा सगळं होतं तसं करून हात झटकले. मशीनवाला खोळंबला होता. पुस्तक तसंच छापलं गेलं आणि मिरचीची नोकरी गेली. निघताना पहिली प्रत तिनं काखेत मारली, विचारलं कुणाला नाही. घरी ताईनं वाचलं, बोट वर केलं, आणि मिरची ओरडली, "खरंय!"

ते पुस्तक कधी तुमच्या हाती आलं, तर मनातल्या मनात वाचू नका. कडवं संपलं की थांबा, आणि त्या कोऱ्या जागेत मोठ्यानं काहीतरी बोला. शिवीसुद्धा चालेल.