घुबडाचं सायकलचं गाणं

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हॉस्पिटलच्या लाँड्रीतला इस्त्रीचा मोठा रोलर तापला होता आणि कावळी आपल्या बाजूला उभी राहून चादरीचं टोक ताणून धरत होती. हा रोलर दोन माणसांचा. दोघांनी दोन टोकं धरायची, चादर सरळ आत सोडायची, पलीकडून ती गरमागरम बाहेर आली की पुन्हा टोकं धरून घडी घालायची. एक जण जरा पुढे-मागे झाला की चुणी पडते, आणि चुणी पडलेली चादर पुन्हा ओली करावी लागते.

चौदा वर्षं दुसरं टोक घुबडाच्या हातात होतं. आज ते रात्रपाळीतून आणलेल्या एका बाईच्या हातात होतं. बाई कामाला चोख, पण पाऊल घाईचं. चुण्यांच्या चादरींचा ढीग वाढत चालला होता.

घुबड आदल्या संध्याकाळी गेला. बसथांब्यावर उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि बस यायच्या आत सगळं आटोपलं.

लाँड्रीत ही बातमी सगळ्यांना होती. गेटवरच्या वॉचमनला तेवढी नव्हती. कावळी रोजच्यासारखी काळ्या घोळदार झग्यात, काळे बूट घालून, डोळ्यांत काजळाची जाड रेघ ओढून आली, तेव्हा त्याने रोजचाच विनोद केला.

"काय कावळे, आज कोण गेलं?"

"घुबड," ती म्हणाली.

वॉचमन खो खो हसला आणि त्याने दार उघडलं.

आत जाऊन तिने झगा खुंटीला अडकवला आणि पांढरा गणवेश चढवला. जन्मभर सुतकी कपड्यांत वावरलेल्या माणसाला खरं सुतक आलं, तर वेगळं घालायला काही उरत नाही.

कावळी आणि घुबड दोघेही गॉथ. म्हणजे काळे कपडे, चांदीच्या कवट्यांच्या अंगठ्या आणि खर्जातली, संथ, मरणावरची गाणी. तरुणपणी अशा मुलांचा मोठा घोळका होता. पुढे कोणाची लग्नं झाली, कोणाची टक्कलं पडली, आणि उरले सहा-सात जण. ते स्वतःला मंडळ म्हणवायचे आणि एकमेकांना कावळी, घुबड अशा टोपणनावांनीच हाक मारायचे. महिन्यातून एका शनिवारी एका रंगाच्या दुकानाखालच्या तळघरात जमायचे. वर दुकानात जगातले सगळे रंग डब्यांत भरलेले, आणि खाली ही काळी माणसं मेणबत्त्या लावून बसलेली. मंडळाचा म्होरक्या कवटी. दिवसा तो विमा विकायचा, पण तळघरात कोणतं गाणं लागेल आणि कोणतं नाही, हे तोच ठरवायचा. एकदा एका बाईच्या फोनवर नाचाच्या गाण्याची धून वाजली. कवटी म्हणाला, "वहिनी, वरात पुढच्या गल्लीत गेली." सगळे हसले. ती बाई त्यानंतर कधी आली नाही. त्या दिवशी कावळीही हसली होती.

लाँड्रीत मात्र कवटीचं राज्य नव्हतं. तिथे मुकादमीणबाईंचा रेडिओ होता, आणि त्याच्यावर दिवसभर जुनी, गोड, उड्या मारणारी गाणी. पहिलं वर्ष दोघांनी नाकं मुरडण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी घुबड एका गाण्याची नक्कल करायला लागला. सायकलवर डबलसीट निघालेल्या नवरा-बायकोचं भांडण, मधून मधून घंटीची ट्रिंग-ट्रिंग. तो थट्टेने बायकोचा आवाज काढायचा, कावळी नवऱ्याचा. थट्टा कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. चादरीची घडी घालताना चार पावलं जवळ यायचं आणि चार पावलं लांब जायचं असतं. ते गाणं त्या पावलांना असं काही बसायचं, की ते लागलं असताना एकाही चादरीला चुणी पडायची नाही. शेवटच्या घडीला हाताला हात लागायचा तेव्हा घुबड तोंडाने ट्रिंग-ट्रिंग करायचा. पन्नाशी उलटलेला, जाड भिंगांचा, पडक्या खांद्यांचा माणूस.

"मंडळात बोललीस तर बघ," तो दर वेळी म्हणायचा. "कवटी वाळीत टाकेल आपल्याला."

"तुला एकट्याला. मी सांगेन, मला जबरदस्तीने ऐकवलं."

आज मुकादमीणबाईंनी मान म्हणून रेडिओ बंद ठेवला होता. रोलरचा घरघराट तेवढा ऐकू येत होता.

दुपारी घुबडाच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ही पोस्टातून निवृत्त झालेली. बहीण-भाऊ दोन खोल्यांत एकत्र राहायचे. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून कावळीही ताईच म्हणायची.

"उद्या चार वाजता दहनगृहाचा हॉल मिळालाय," ताई म्हणाल्या. "एक गाणं लावता येतं म्हणे. तुमचा तो कवटी म्हणतोय, घंटेची धून लावायची, त्याची तशीच इच्छा होती. पण तू दिवसभर त्याच्याबरोबर असायचीस. म्हणून तुला विचारते, त्याला काय आवडायचं गं?"

घंटेची धून हे मंडळाचं जणू राष्ट्रगीत. पहिली दोन मिनिटं नुसते घंटेचे टोले, मग पाताळातून आल्यासारखा आवाज. घुबडाने बाविसाव्या वर्षी टेबलावर उभं राहून जाहीर केलं होतं, की मी मेलो की हीच लावा. तेव्हा त्याला सर्दीसुद्धा होत नव्हती.

कावळीच्या डोळ्यांपुढे तळघर आलं, कवटीचा वर चढणारा ओठ आला, वरात पुढच्या गल्लीत गेली हे वाक्य आलं. तिचं स्वतःचं कोणी नव्हतं. मंडळ आणि लाँड्री, एवढाच गोतावळा. त्यातलं अर्धं काल गेलं होतं.

"घंटेचीच," ती म्हणाली. "तीच आवडायची त्याला."

"बरं," ताई म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मंडळ वेळेवर हजर होतं. दहनगृहाचा कर्मचारी सांगून गेला, की पुढची मंडळी बाहेर थांबली आहेत, गाणं आटोपशीर ठेवा. धून आटोपशीर नव्हती. टोले पडत राहिले. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पहिल्या टोल्याला त्यांनी झटकन मान वर केली, जणू कोणी ओळखीचं दारातून आत येणार आहे. मग टोल्यांमागून तो पाताळातला आवाज निघाला आणि त्यांनी मान खाली घातली. कावळीने हे पाहिलं, पण तिला त्याचा अर्थ लागला नाही.

नंतर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर मंडळ उभं राहिलं. कवटीने कप खाली ठेवला.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "ती धून मला आता झेपत नाही. आज तिसऱ्या मिनिटाला मी जांभई गिळली."

"काहीतरीच काय," कोणीतरी म्हणालं.

"आईशप्पथ. गाडीत मी काय लावतो माहितीये? लग्नातली नाचाची गाणी. मोठ्याने. सिग्नलला काच वर करतो, कोणी ओळखीचं दिसलं तर."

मग शिवणकाम करणारी एक जण म्हणाली, "माझ्या मशीनवर दिवसभर डिस्को चालू असतो." तिसऱ्याने मान डोलावली. त्याला म्हणे बासरी लागते, झोपताना. बघता बघता सगळे हसायला लागले. काळ्या कपड्यांतली, काजळ ओघळलेली माणसं दहनगृहासमोर पोट धरून हसत होती आणि बाहेर थांबलेली पुढची मंडळी त्यांच्याकडे रागाने बघत होती.

"घुबडच आपल्यातला खरा," कवटी डोळे पुसत म्हणाला. "शेवटपर्यंत बाटला नाही."

कावळी हसत नव्हती. तिने कप तसाच टाकला आणि रस्ता ओलांडला.

ताई पायऱ्यांवर रिक्षाची वाट बघत बसल्या होत्या.

"छान झालं हो सगळं," त्या म्हणाल्या. मग हातातल्या रुमालाची घडी मोडत म्हणाल्या, "एक विचारू? जेवताना तो चमच्याने ताटलीवर ट्रिंग-ट्रिंग करायचा. रोज. वर काहीतरी गुणगुणायचा, बायकी आवाजात. मी म्हणायची, वय काय, करतोस काय. आज ती घंटा वाजली ना, मला वाटलं, आलं ते गाणं. मग वेगळंच निघालं. तो गुणगुणायचा ते कुठलं होतं गं?"

कावळी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"सायकलवरचं गाणं. तेच आवडायचं त्याला," ती म्हणाली. "काल मी खोटं बोलले."

रिक्षा आली, थांबली आणि दुसरंच गिऱ्हाईक घेऊन निघून गेली.

"आता काय उपयोग," ताई शेवटी म्हणाल्या. "ज्याला ऐकवायचं तो गेला."

"लाँड्रीच्या रेडिओवर दहाच्या सुमाराला लागतं, पुष्कळदा. मी मुकादमीणबाईंना सांगते, उद्या लावा म्हणून. तुम्ही मागच्या दाराशी या. आत घेत नाहीत, पण दारातून ऐकू येतं."

"आणि नाही लागलं तर?"

"तर मी म्हणते. पण मला नवऱ्याचंच येतं. बायकोचं त्याचं होतं."

"मला नाही बाई गाता येत."

"त्यालाही येत नव्हतं."

ताई हसल्या नाहीत. येईन असंही म्हणाल्या नाहीत. पुढची रिक्षा आली तेव्हा त्या तिच्यात बसल्या आणि वळून न बघता गेल्या.

लाँड्रीचं मागचं दार घडी केलेल्या चादरींच्या ट्रॉल्या वॉर्डांकडे नेण्यासाठी सकाळी दहा वाजता उघडतं आणि सव्वादहाला बंद होतं. उद्याही तसंच.