दोरा बांधलेल्या मिरच्या: जाफराबादजवळचा शेतमुक्काम

शेतावर राहायला जायचं विनयनं ठरवलं. माझा हा नवरा बावीस वर्षं पुण्यात संगणकासमोर बसतोय आणि अधूनमधून त्याला मातीची आठवण येते. मातीला त्याची येत असेल असं वाटत नाही. मोबाईलवर त्याला ‘मातीशी नातं जोडा’ अशी जाहिरात दिसली. त्यानं जाफराबादपासून थोडं आत असलेल्या एका शेतावर दोन रात्री ठरवल्या आणि लगोलग एक गवती टोपी विकत घेतली.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी पहाटे निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: पुणे, संभाजीनगर, जालना, मग भोकरदनवरून जाफराबाद. चहापाणी धरून नऊ तास ठेवा. गाडी नसेल तर जालन्याहून एसटी आहे, पुढे जीप मिळते. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हरला कळतं. शेवटचे चार किलोमीटर रस्ता बहुधा कागदावरच आहे.

दारात कमान, रंगवलेलं बैलगाडीचं चाक आणि फोटोसाठी झोपाळा. शेत मागं कुठंतरी असावं. मालक भास्करराव, पन्नाशीचे, इस्त्रीच्या सदऱ्यात हात जोडून उभे होते. “आमच्या कृषी पर्यटन केंद्रावर आपले सहर्ष स्वागत आहे,” ते एका दमात म्हणाले. वाक्य पाठ होतं. त्यांची बायको कमलताई मागून बादली घेऊन चालली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, “आले का?” असं नवऱ्याला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये शिरली.

बैलगाडीची सफर म्हणजे विहिरीला तीन फेऱ्या. विनयनं त्यातही व्हिडिओ काढला. विटी-दांडू होता, पण खेळायला आम्ही दोघंच, तेही पन्नाशीला टेकलेले. जेवण मात्र खरं होतं: ज्वारीची गरम भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी. माणशी दिवसाला अठराशे रुपये पडतात. त्यातले जेवणाचे वसूल झाले, झोपाळ्याचे नाहीत.

शनिवारी दुपारपर्यंत मी कंटाळले. विनय घोरत होता. शेडनेटच्या दारावर पाटी होती: ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. ही पाटी पैसे भरलेल्या पाहुण्यांसाठी नसणार, असं मी ठरवलं. कामाच्या बाया बाहेर लिंबाखाली जेवत होत्या. आत गार सावलीत मिरचीच्या रांगाच रांगा होत्या, आणि कितीतरी मिरच्यांच्या देठाला लाल दोरा. म्हटलं, नजर लागू नये म्हणून असेल. यांचं काय सांगावं! दोरा असलेल्या मिरच्या जास्त छान दिसल्या, म्हणून त्याच तोडल्या. ओंजळभर. तीसेक असतील.

रात्री जेवायला बसले तेव्हा मी दोरे काढून ताटाच्या कडेला ठेवले आणि मिठाला लावून मिरच्या खायला लागले. पिठलं वाढायला आलेल्या कमलताईचा पळीचा हात थांबला.

“ताई, ह्या कुठून आणल्या?”

“तुमच्याच शेतातल्या. मस्त आहेत!”

ती खाली बसली आणि एकेक दोरा उचलून तळहातावर ठेवायला लागली. “बियाच्या मिरच्या व्हत्या ह्या. दुपारी कळी उघडून चिमट्यानं आतले केसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, मंग खुणेला दोरा बांधायचा. एकेका फुलाला हात लावावा लागतो. बाया मान मोडून करून राह्यल्या आन तुम्ही मिठासंग खाल्ल्या.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

“पाटी वाचता येती का न्हाई?”

भास्करराव धावत आले. पाठ केलेली भाषा गळून पडली होती. “कमल, जाऊ दे ना. पाहुणे देवावानी असतेत.”

“देव मिरच्या तोडत न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “दुसऱ्या मिरच्या येतील, पण ह्या फुलांचा दिवस गेला. सकाळी सातला या. बघा, एक मिरची कशी होती.”

विनय म्हणाला, “अरे वा, हा तर खरा अनुभव!” त्या क्षणी तो मला जगातला सर्वांत मूर्ख माणूस वाटला. मूर्खपणात त्याला मी मागं टाकलं होतं, हे कबूल करायला पुण्यापर्यंतचा प्रवास लागला.

रविवारी सातला गेले. कमलताईनं माझ्या बोटात परागाची इवलीशी वाटी असलेली अंगठी घातली आणि दाखवलं: फूल धरायचं, मधला दांडा हलकेच परागात बुडवायचा, दोरा बांधायचा, पुढं सरकायचं. तिला एका फुलाला चार श्वास लागत. मी पहिल्या पाचांपैकी तीन फुलांचे दांडे मोडले. पाठीत कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “पैसे देऊन आल्ता का हे करायला?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझं हसू उसनं होतं.

तासाभरानं कमलताईनं अंगठी काढून घेतली. “ऱ्हाऊ द्या ताई. तुमच्या हातानं नुकसानच जास्ती होऊन राह्यलंय.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

निघताना भास्कररावांनी अभिप्रायाची वही पुढं केली. मी ‘खूप छान वाटलं’ असं लिहिलं. माफी मागायची सोडून मी शेरा दिला होता.

पुण्यात आल्यावर विनयनं मातीशी जोडलेल्या नात्याचे अठ्ठेचाळीस फोटो टाकले. मैत्रिणी विचारतात, जावं का? जा. पण काम बघायचं असेल तर आधी विचारा, आणि ‘अनुभव’ हवा असेल तर विहिरीला फेऱ्या मारून परत या. कुणाच्या घामात शिरून सुट्टी साजरी करण्याचा आपल्याला हक्क आहे, असं वाटायचं ते एवढ्यात तरी वाटणार नाही.

चार दिवस टाळून एका सकाळी मी फोन लावला. भास्करराव असतील असं वाटलं होतं. उचलला कमलताईनं.

“मी पुण्याहून. त्या मिरच्यांचं... चुकलं माझं.”

“हौ, चुकलंच,” ती म्हणाली. “ठेवते. ऊन चढून राह्यलं.”