धुतलेली काच

आमचा स्टुडिओ लोणावळ्याच्या बाजारात, लाकडाच्या वखारीला लागून होता. निगेटिव्ह तेव्हा काचेच्या असत. फोटो हे काढायचे आणि त्या काचांवरचं रिटचिंग, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग-सुरकुत्या पुसायचं काम, मी करायची. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातलं काहीच येत नव्हतं. ह्यांनीच उत्तरेकडच्या खिडकीशी बसवून पेन्सिल कशी धरायची, पातं कसं चालवायचं ते शिकवलं आणि पुढे माझा हात त्यांच्यापेक्षा चांगला बसला. खंडाळ्याच्या बंगल्यांतल्या बायका फोटो काढून झाला की हळूच आत येऊन मला सांगायच्या, "डोळ्यांखालचं तेवढं बघा हं." मला त्याचा फार अभिमान होता.

ह्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक माणसाच्या दोन काचा घ्यायच्या. एकीवर मी काम करायचं, दुसरीला हात लावायचा नाही, ती डब्यात घालून फळीवर ठेवायची. "आपण पुसलेलं परत आणता येत नाही," एवढंच ते म्हणायचे. मला ते पटत नव्हतं. राहायच्या खोलीतसुद्धा डब्यांच्या उतरंडी झाल्या होत्या आणि जुनी काच मागायला कोणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. जागा पुरेनाशी झाली की मी गुपचूप त्यातल्या काही काचा सोड्याच्या कढत पाण्यात टाकायची. वरचा फोटोचा थर सुटून यायचा आणि खाली स्वच्छ काच उरायची. ती फ्रेमला चालायची.

मळवलीच्या एक मावशी आमच्याकडे तांदूळ आणि भाजी घेऊन येत. एकदा त्या आपल्या मुलाला घेऊन आल्या. तो रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये नुकता लागला होता, म्हणून त्याचा फोटो त्यांना घरात लावायचा होता. पोरगा उंच, देखणा. फक्त डाव्या भुवईपासून वर कपाळापर्यंत कोडाचा पांढरा चट्टा होता, भुवईसुद्धा पांढरी. त्या काळच्या काचांवर सावळा रंग आणखी काळा यायचा, त्यामुळे चट्टा होता त्याहून ठळक उमटला. मला वाईट वाटलं. कोणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नाही. काचेवर पांढरं ते काळं दिसतं. तो काळा डाग मी पात्याच्या टोकाने हळूहळू खरवडून काढला, भुवईचा एकेक केस रेखला. इतकं सफाईचं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

मग फ्रेमला काच हवी होती. फळीवर वरच त्याची दुसरी काच होती. ती मी धुतली आणि त्याच्याच फोटोवर बसवली.

मावशी फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. "आन् ह्याचं कपाळ?"

"कोड काढलं मी. चांगलं नाही दिसत?"

"दिसतंय की. लय ग्वाड दिसतंय. पर दुसऱ्या कुनाचा तरी वाटतोय." त्या हसल्या, मीही हसले.

मुलाच्या वडिलांना मात्र तो फोटो फार आवडला. पवन मावळात एक मुलगी होती. तिच्या घरी ते फ्रेम उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले. तिकडची माणसं खुशीत मळवलीला आली, मुलगा समोर आल्यावर त्याच्या कपाळाकडे बघू लागली आणि आम्हाला फसवलंत म्हणून पाणीही न पिता उठून गेली. वडिलांनी सगळा राग मुलावर काढला. "तुझ्या तोंडापायी माझी मान खाली गेली," असं चार माणसांत म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला तो घरी आलाच नाही.

हे सगळं मला मावशींनी भाजी मोजता मोजता सांगितलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कदाचित टोपलीकडे बघायचं होतं म्हणूनही असेल.

मुलाचा मामा फोटो घेऊन शोधायला निघाला. तळेगाव, खंडाळा, खाली घाट उतरून कर्जत. स्टेशनांवर, खाणावळींत, कर्जतच्या भाताच्या गिरणीतही त्याने फोटो दाखवला. सगळीकडे नाही. पुढे वडील आजारी पडले. राग केव्हाच गेला होता. दाराकडे तोंड करून खाट घ्यायला लावत आणि तो आला का, एवढंच विचारत. भाद्रपदात ते गेले.

गँगमधल्या कोणाशी तरी मुलाची गाठ पडली, त्याला ती बातमी कळली आणि तो परत आला. काही दिवसांनी मावशी त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. इतके दिवस तो कर्जतच्या त्या गिरणीतच हमाली करत होता.

"मामानं वॉचमनला फोटू दाखवला," तो सांगत होता. "तो म्हनला, असा कुनी हितं न्हाई. मी रोज त्याच्याम्होरनं जायचो. पर तो मला कोडवाला म्हनूनच वळखायचा. फोटूत कोडच न्हाई, तर तो तरी काय करंल?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

मावशी ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुमी दोन काढता न्हवं? त्यातला खराखुरा द्या मला. ह्यो बापाला दिसला न्हाई, घरात बापाचा फोटू हाय, निदान त्याच्याशेजारी तरी ऱ्हाऊ दे."

हे लगेच स्टुलावर चढले. एकेक डबा काढून उजेडाला धरू लागले. मी त्यांना शोधू दिलं. फळी संपत आली तेव्हा सांगितलं, "ती मी धुतली. फ्रेमला लावली."

हे खाली उतरले आणि आतल्या खोलीत गेले. मावशींनी पिशवीतून ती फ्रेम काढली, काचेवरून तळवा फिरवला. "म्हंजी ह्याच काचंवर हुता व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

मला त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, वयनी. आता नवा काढा."

ह्यांनी बाहेर येऊन पोराला बसवलं. तो चट्ट्याची बाजू सारखी पलीकडे नेत होता. शेवटी मावशींनी उठून त्याची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे केलं. ह्यांनी दोन काचा घेतल्या.

निघताना तो एकटाच माझ्यापाशी आला. "वयनी, आईला हाय तसाच द्या. पर दुसऱ्यातलं कोड काढून मला द्या. कुनाला दावायचा न्हाई. पैला फोटू मला लय आवडला व्हता. घरात कुनी नसलं की मी बगायचो."

मी मान डोलावली. आठवडाभर ती काच खिडकीत लावून बसले. पातं हातात घेतलं की त्या दाराकडे तोंड केलेल्या खाटेची आठवण यायची आणि ते खाली ठेवावं लागायचं. तो न्यायला आला तेव्हा आईचा फोटो दिला आणि सांगितलं, "तुझी काच फुटली रे."

ती फुटली नव्हती. मागच्या फळीवर ठेवली होती. पहिल्यांदा मी त्याला न विचारता केलं होतं, आणि आता त्याने तोंडाने मागितलं तर दिलं नाही.

"असू द्या," तो म्हणाला. फोटो धोतराच्या सोग्याने पुसला, काखेत धरला आणि मळवलीची गाडी गाठायला घाईने निघून गेला.