बनुबाईची हरवलेली तीन मतं

मला राग लवकर येतो. पलटणीत असताना यायचा, रिटायर झालो तरी येतो. सुभेदार लालासाहेब म्हणलं की गावातली माणसं आधी माजं तोंड बघत्यात आन् मग बोलत्यात. पण त्या रागापायी मी आमच्या बनुबाईचं काय करून बसलो हुतो, ते आता सांगूनच टाकतो.

बनुबाईची गावात पिठाची गिरणी हाय, घरात मालक आन् एक ल्योक. आमचं गाव वडूजपासनं नऊ किलोमीटर, माळाचं. बनुबाई अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं वाळकी, आवाज मात्र गिरणीच्या वरचा. सतरा वर्षं झाली, निवडणूक कुठली बी असू द्या, ही आपली पडणाऱ्याच्या बाजूला. मुद्दाम न्हवं. तिला जो माणूस पटतो तो पडतो, आता त्याला कोण काय करनार? ग्रामपंचायत झाली, पंचायत समिती झाली, झेडपी झाली, समदीकडं पडून झालं. मी तिला म्हणायचो, "बनुबाई, तू ज्याच्या मागं लागशील त्याचं डिपॉझिट गेलंच म्हणून समज." ती हसायची. माजी मानलेली बहीण हाय, राखी बांधती, म्हणून ऐकून घेती.

पण बाई वस्ताद. मतदार यादी आणती आन् नावाफुडं टिकली लावती. कपाळाचीच टिकली. लाल म्हंजे आपला, काळी म्हंजे त्यांचा, आन् कायच न्हाई म्हंजे काठावरचा. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाया तासतासभर बसत्यात, तिथं समदं कळतं. मतदानाच्या आदल्या दिवशी लाल टिकल्या मोजायच्या आन् आकडा सांगायचा. उमेदवार पडू दे न्हाईतर निवडून येऊ दे, आमच्या बूथचा तिचा आकडा कवा चुकला न्हाई. एकदा दोनशे चौऱ्याऐंशी म्हणली, तर मशीनमधनं दोनशे चौऱ्याऐंशीच निघालं. विरोधी पार्टीची पोरं बी तिला हळूच इचारत्यात, "मावशे, आमचं किती?"

आन् पडल्यावर? दुसरा कुनी असता तर आठ दिवस तोंड लपवून बसला असता. ही दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या दारात हजर. हातात आपल्या पडलेल्या उमेदवाराचं पत्रक. "ह्ये आमी करनार हुतो. आता तुमी आलाय, तुमी करा." आमच्या वस्तीचा रस्ता असाच झाला. वचन दिलं एकानं, तो पडला, आन् रस्ता केला दुसऱ्यानं. मला लय दिवस नवल वाटायचं, या बाईला एवढा दम येतो कुठनं? एकदा न राहवून इचारलं. तर म्हणली, "दादा, उमेदवार पडला. गाव कुठं पडलंय?"

यंदा पंचायत समितीला आमच्याकडनं अश्लेषा उभी हुती. वडूजला तिचं औषधाचं दुकान हाय. शिकलेली पोरगी, खोटं बोलत न्हाई, म्हंजे बनुबाईला पटायलाच पायजे. चिन्ह कपबशी. बनुबाईनं आमच्या बूथचा आकडा सांगितला, तीनशे अकरा. मतमोजणीत निघालं तीनशे आठ. अश्लेषा समदी गावं मिळून सहाशे चाळीस मतांनी पडली.

बनुबाईला त्या सहाशे चाळीसचं कायच न्हाई. ती धरून बसली तीनाला.

"अगं, सहाशे चाळीसनं पडली, तिथं तीन मतांनी काय दिवं लागनार हुतं?" मी म्हणलं.

"ती सहाशे चाळीस बाकीच्या गावांची. ही तीन माजी हायत, दादा. कुनीतरी माज्या तोंडावर व्हय म्हणलं आन् आत जाऊन दुसरंच बटन दाबलं. मला राग न्हाई त्येंचा. का दाबलं, एवढं कळलं पायजे."

आन् फुडं म्हणली, "चार दिवस शोधते. न्हाई घावलं तर सोमवारी अश्लेषा येनार हाय, तिच्या हातात यादी देते आन् बास. मला माणसंच वळकू येत न्हाईत, तर लोकांची दारं कशाला झिजवू?"

मी उठून चपला शोधाय लागलो. कारण ती तीन मतं माज्या घरची हुती.

झालं असं. अश्लेषाच्या प्रचारात माजी सैनिकांचा सत्कार ठेवला हुता. आमच्या भागात घर तिथं फौजी, सत्काराबिगर इलेक्शन व्हतच न्हाई. फेटा, शाल, नारळ. माईकवर एकेकाचं नाव पुकारलं, माजं सगळ्यात शेवटी. ऐटीत स्टेजवर गेलो तर हातात शाल आन् नारळ. फेटा न्हाई. फेटं संपलं म्हणं! माज्या हाताखाली शिपाई असलेली पोरं फेटं बांधून फोटो काढत्यात आन् मी सुभेदार, बोडकं डोकं घेऊन मधी उभा. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली ती ह्येच्यासाठी? डोकं असं सटकलं! घरी आलो आन् मंडळींना आन् सुनेला, पूजाला, ऑर्डर दिली, "या घरातलं एक मत कपबशीला जायचं न्हाई." दोघी म्हणल्या, "बरं." पोरगा फौजेत, तिकडं बर्फात. म्हंजे घरात मतदार तीन. आता लागला आकडा?

आन् बनुबाई शोधाला निघाली ती कुनाला घेऊन? मला. "दादा, तुमी मिलिटरीतलं, तुमाला माणूस बघून कळंल." घ्या! चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

चार दिवस तिच्या मागं फिरलो. कुठं म्हातारं शपथेला भंडारा उचलायला निघालं, कुठं सासू सुनेकडं बघाय लागली. बनुबाई भांडत न्हवती. दारात उभी राहून एवढंच, "राग न्हाई गं. काय खुपलं तेवढं सांग." लोकं बी सांगत हुती. एकीला सभेत गडीमाणसांच्या मागं बसवलं हुतं, एकाला पत्रकातलं काय कळलंच न्हवतं. तरी मत त्येंनी कपबशीलाच दिलेलं. एका घरातनं भाईर आल्यावर बनुबाई मला म्हणली, "ह्ये खरं बोलत्यात. खोटं बोलणारा माणूस लय आग्रह करून चहा पाजतो." सकाळपासनं तिला दोनदा चहा पाजला हुता मी.

मला सांगायचं न्हवतं असं न्हाई. तोंड उघडायचो आन् मिटायचो. साठी उलटलेल्या माणसानं फेट्यापायी बहिणीला फशिवलं, ह्ये सांगायचं कसं? रविवारी संध्याकाळी शेवटचं घर झालं. बनुबाई वाटेतच थांबली आन् म्हणली, "दादा, थकले वो." सतरा वर्षांत पाच वेळा पडलेली बाई, तिच्या तोंडनं ह्यो शब्द मी ऐकला न्हवता. मला माजीच शरम वाटली.

सोमवारी अश्लेषा आली. गिरणी बंद हुती. बनुबाईचा मालक, आमचा तात्या, आत जात्याच्या दगडाला टाकीनं, म्हंजे छिन्नीनं, खाचा पाडत बसलेला आन् भाईर दळणवाल्या बाया वाट बघत बसलेल्या. त्यात आमची मंडळी आन् पूजा बी हुती. बनुबाईनं यादी अश्लेषाच्या हातात दिली.

"मावशी, असं करू नका," अश्लेषाचा आवाज रडवेला झाला. "मला परत उभं राहायचंय. तुमच्याशिवाय या गावात मला कोण ओळखतं?"

"आता दुसरं कुनीतरी बघ, बाय. माजी नजर गेली."

आता न्हाई बोललो तर कवा बोलनार? म्हणलं, "थांब बनुबाई. तुजी नजर शाबूत हाय. ती तीन मतं माज्या घरची." आन् फेट्याचं समदं सांगून टाकलं.

तेवढ्यात आमची मंडळी म्हणली, "आवं, तीन कुठली? तुमचं एकट्याचं. आमी दोघींनी कपबशीलाच दिलं."

"मी सांगितलं हुतं ना?"

"तुमी सांगितलं. आमी बरं म्हणलं. तसं मत देतो कुठं म्हणलं?"

"मामा, आत पडद्यामागं कोण येतंय आपल्यासंगं?" पूजा म्हणली आन् समद्या बाया खो खो हसाय लागल्या. एरवी मी गिरणी डोक्यावर घेतली असती. छत्तीस वर्षांचा संसार, आन् माजी ऑर्डर घरात चालत न्हाई ह्ये मला गावादेखत कळतंय! पण बनुबाई हसत न्हवती. तिच्या डोळ्याला पाणी आलं हुतं.

"दादा, फेटा कमी पडला तवा मीच म्हणलं, सुभेदार घरचंच हायत, त्यांचं चालतंय. आन् टिकली बी तशीच लावली. वैनीला इचारलं, पूजाला इचारलं. तुमाला तेवढं इचारलं न्हाई."

"चुकलं माजं," मी म्हणलं.

"तुमचं चुकलं, आन् माजं त्याहून चुकलं." तिनं डोळं पुसलं. आन् एकदम अश्लेषाच्या हातातली यादी ओढूनच घेतली. "म्हंजे अजून दोन ऱ्हायली की गं! आन् ती बी अशीच असनार. न इचारता लावलेली." तिचं बोट नावांवरनं भराभरा खाली जायला लागलं. पान उलटलं, परत बोट. मग थांबलं.

"कोण हाय, मावशी?" अश्लेषा वाकून बघाय लागली.

"माजं मालक," बनुबाई म्हणली. "आन् माजा ल्योक."

बनुबाई आत गेली, आमी समदी दारात. आत टाकीचा आवाज चालू हुता.

"आवं," ती म्हणली, "राग न्हाई. एक इचारू का?"

तात्यानं टाकी खाली ठेवली. पांढरं झालेलं हात झटकलं. तिच्या हातातल्या यादीकडं बघितलं.

"सतरा वर्षं उभ्या गावाला इचारतीस," तो म्हणला. "माजा नंबर आज लागला व्हय?"

आन् शेजारचं पोतं तिच्याकडं सारून म्हणला, "बस. सांगतो."