आबांचा सोमवार

आज आबांची माती आहे आणि मी जाऊ शकत नाही, कारण आज माझा नंबर आहे.

डावा हात मशीनला जोडलाय. उजव्या हाताने टाइप करतेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

भिगवणचे आबा. हायवेला त्यांचं मच्छीचं छोटं हॉटेल होतं. तुमच्यापैकी बरेच जण तिथं चिलापी खाऊन आला असाल.

मी मात्र त्यांना ओळखते ते बारामतीच्या डायलिसिस सेंटरमधून. माझ्या शेजारचा बेड त्यांचा.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा सेंटरला जागाच नव्हती. एक मशीन बंद पडलेलं, त्याचा पार्ट येत नव्हता. भवानीनगरहून दर वेळी पुणं गाठायचं, परत यायचं, हे माझ्याच्यानं होणारं नव्हतं. आणि वेटिंगवर मी एकटी नव्हते.

शेवटी डॉक्टरांनी सगळ्या पेशंटना एकत्र बोलावलं. आम्ही वेटिंगवाले मागं भिंतीला टेकून उभे होतो.

डॉक्टर सरळ बोलले. मशीन वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं. आहेत ते वार वाटून घेणं, एवढंच शक्य होतं.

ज्यांना अजून थोडीफार लघवी होते, त्यांचं आठवड्यात तीनऐवजी दोनदा करून भागेल. बाकीच्यांचं नाही. कोण तयार आहे?

कुणी मान वर करेना. मला कुणाचा राग आला नाही. एक वार सोडणं म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं.

मग आबा म्हणाले, "माझं दोनवर करा, डॉक्टर. हुतीय मला अजून थोडी."

शेजारी काकू बसल्या होत्या, त्यांच्या मिसेस. त्यांनी एकदा आबांकडे बघितलं, आणि पदर सारखा केला.

आबांचं बघून इंदापूरच्या एका रिटायर्ड बाईंनीही हात वर केला. सगळं वेळापत्रक नव्यानं लागलं. त्या सुटलेल्या वारांतून माझी जागा निघाली.

सोमवार आणि गुरुवार. आबांचेही तेच वार.

शेजारी शेजारी तासन् तास पडून राहिलं की माणसं बोलतात. आबा मला गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायचे. एकदा मी हळूच विचारलं, आबा, तुम्हाला खरंच होते का?

"न्हाय. कवाच बंद झालीय."

मग खोटं का सांगितलंत?

"समद्यांनीच न्हाय म्हणलं असतं तर तू कुठं गेली असतीस? आन खरं सांगू का पोरी, मला बी ती येष्टी झेपत न्हवती. एक हेलपाटा वाचला."

मला अजून कळत नाही, यातलं कुठलं कारण जास्त खरं होतं. बहुतेक दोन्ही.

मी सिस्टरना जाऊन सांगितलं. वेळापत्रक त्याच लावतात.

त्या म्हणाल्या, "रिपोर्टवर दिसतंय मला. पण त्यांना तिसरा वार द्यायचा तर कुणाचा काढू? तुझा काढू?"

चिडून नाही म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. बाहेर वेटिंगवाल्यांचे नातेवाईक बसलेले होते.

मी पिशवी उचलली आणि घरी आले.

मध्यंतरी नवीन मशीन आलं. हार घातला, फोटो काढले, पेढे वाटले. आम्हाला वाटलं, चला, सुटलो. पण त्याला लागणारी फिल्टरच्या पाण्याची लाइनच मंजूर नव्हती. ते अजून पॅसेजमध्ये प्लास्टिकमध्ये उभं आहे. आम्ही त्याला वळसा घालून आत येतो.

उन्हाळ्यात आबा सुजायला लागले. पाय, मग चेहरा. हॉटेल पुतण्याकडे दिलं. एका शनिवारी तर दम लागून मधेच आले, बोलता येत नव्हतं. सिस्टरनी एकांना मशीनवरून लवकर उतरवून आबांना थोडा वेळ लावलं. ज्यांना उतरवलं, ते पुढचे दोन दिवस झोपून होते.

त्यानंतर आबांनी मधे यायचं बंद केलं. काकू मागं लागायच्या. आबा म्हणायचे, जाऊन कुनाला उठवायचं?

गुरुवार ते सोमवार ही गॅप मोठी. आम्हाला सगळ्यांनाच तिची भीती वाटते.

आज सकाळी ते इकडं यायलाच निघाले होते. चप्पल घालायला पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. काकूंचा फोन आला तेव्हा मी पण निघायच्याच तयारीत होते.

मिस्टर म्हणाले, भिगवणला जाऊ या, गाडी काढतो. मी सिस्टरना फोन केला. आजचं उद्या करता येईल का? उद्या जागा नव्हती. आज सोडलं तर थेट गुरुवार.

काकूंना तसं कळवलं. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "तू जा बाई. तू चुकवू नगं."

म्हणून मी इथं आहे.

आबांचा बेड तासभरसुद्धा रिकामा राहिला नाही. सिस्टरनी वेटिंगवरच्यांना फोन लावला, पणदऱ्याचे एक दादा लगेच आले. पहिलीच वेळ, घाबरलेत. सिस्टर बोलताना माझ्याकडे बघत नाहीयेत. त्यांचेही डोळे लाल आहेत.

दादांनी मला विचारलं, पाणी किती प्यायचं. मी सांगितलं, ग्लासात घेऊ नका, वाटीत घ्या, म्हणजे कमी जातं. हे मला आबांनीच शिकवलं होतं.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "डॉक्टरनी तीनदा लिहिलंय. तिसरा वार कधी मिळंल?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

आबा, आत्ता तिकडं सगळं आटोपलं असेल. इथूनच हात जोडायचे म्हटलं तर एक हात अडकलाय.

एकाच हाताचा नमस्कार घ्या.