गणपतीच्या पैशाची खडक भाकरी

आमच्या बेळगावच्या ऑफिसाखाली एक दुकान आहे. तिथं पापडासारखी कडक, खडक भाकरी पाकिटात मिळते. परवा पाकीट उलटं करून किंमत बघितली आणि मला दुकानातच हसू फुटलं. दुकानदार बघतच राहिला. त्याला काय सांगणार? याच भाकरीला पुरता दर लावायचा नाही म्हणून आमची आई एकदा अडून बसली होती, आणि तिच्या त्या हट्टापायी माझी शाळा सुटायची वेळ आली होती.

नोकरीसाठी मी आता बेळगावजवळ कंग्राळीला खोली घेऊन राहते. खोली चांगली आहे, वारा येतो, पण संध्याकाळी दार उघडलं की कसलाच वास येत नाही. गावी, निपाणीला आमच्या गल्लीत तंबाखूचा वास असायचा. पाव्हणे आले की शिंकून शिंकून बेजार. आम्हाला मात्र तो वास आला म्हणजे घर आलं. वाईटच वास तो, पण आठवण आली की जीव कासावीस होतो, त्याला माझा इलाज नाही.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी दोरा. बोलता बोलता, भांडता भांडता, झोप आवरता आवरता तिची बोटं चालायची. बाबा वखारीत पोती उचलायचे. त्यांची पाठ गेली आणि ते घरी बसले, मग सगळा भार त्या सुपावर आला. विड्यांचा एजंट माल न्यायला आला की मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. म्हणजे त्या वाईट, त्यांचे पैसे मिळणार नाहीत. पण जाताना त्या पिशवीत घालून न्यायचा बरं का! वाईट होत्या तर नेतोस कशाला रे बाबा? हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

मी दहावीत होते तेव्हा एकदा त्यानं माझ्या हाताकडं बघून म्हटलं, “पोरीची बोटं लांब हाईत की. बसवा सुपापुढं, दुप्पट माल निघंल.”

आईला खोकल्याची उबळ आली होती. ती आवरून म्हणाली, “माझ्या पोरीच्या बोटाला तंबाखू लागू द्यायची न्हाय मी. तुमी तुमचं काम बघा.”

त्याच वर्षी आमच्या गल्लीच्या मंडळानं गणपतीत डॉल्बी लावायचा नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे आप्पांनी ठरवलं. आप्पा मंडळाचे अध्यक्ष, कर्नाटकच्या बसमधून रिटायर झालेले कंडक्टर. आवाज असा की पुढच्या दारातला माणूस मागच्या दारानं उतरावा. ते म्हणाले, “पाच मिनिटं कानठळ्या बसवायला एवढं पैसं? त्यापरास गल्लीतल्या बायकास्नी धंद्याला द्या. बिनव्याजी. थोडं थोडं करून परत आलं की दुसरीला.” पोरं चार दिवस रुसली, पण आप्पांपुढं कोण बोलणार?

पैसे द्यायची रीतही त्यांनीच घातली. कागद नाही, सही नाही. नोटा आधी गणपतीपुढं ठेवायच्या, त्यांना हळदकुंकू लावायचं, बाईनं नारळावर हात ठेवून ‘फेडीन’ म्हणायचं. हप्ता दर संकष्टीला, आरती झाल्यावर. आईनं त्या नोटा पदरात घेतल्या. घरी आल्यावर तिनं त्या देव्हाऱ्यात ठेवल्या आणि दिवसभर कुणाला शिवू दिल्या नाहीत.

त्या पैशातून मोठा तवा आला, शेगडी आली, ज्वारी आली, शेंगदाण्याचं पोतं आलं. आईच्या हातची भाकरी म्हणजे काय सांगू! पातळ थापायची, वरनं तीळ, तव्यावर भाजून मग फडक्यानं दाबून दाबून कडक करायची. मोडली की कट्ट असा आवाज यायचा. बाबा भिंतीला टेकून शेंगदाणे भाजायचे, मी चटणी कुटायचे. विड्यांचं सूप माळ्यावर गेलं. किती वर्षांनी आमच्या घरात तिघं मिळून हसत काम करत होतो! त्या दिवसांवर मी अजून जीव टाकते.

आई स्टँडजवळ टोपली घेऊन बसायला लागली आणि भाकरी हातोहात जायला लागली. चिक्कोडीकडचे, सदलग्याचे, कोल्हापूरला जाणारे, सगळे बसमधनं उतरून तिच्याकडं यायचे. दुपारपर्यंत टोपली रिकामी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “नशीब काढलंस गं!” आई नुसती हसायची.

पण संकष्टी जवळ आली आणि डब्यात हप्ता काही साठेना. विकून आलेल्या पैशात उद्याची ज्वारी यायची, शेंगदाणे यायचे, की डबा कोरडा ठणठणीत. पहिल्या हप्त्याला आईनं कानातली फुलं मोडली. दुसरी संकष्टी तोंडावर आली तेव्हा मी शाळेतून आले, तर सूप माळ्यावरून खाली उतरलेलं. आणि त्याच्या शेजारी दुसरं, नवं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, “उद्यापास्नं शाळंला जाऊ नगंस. चार महिनं बस माझ्यासंगट. गणपतीचं पैसं बुडवायचं न्हाईत.”

मी ओरडले, रडले, दप्तर फेकलं. “एवढ्या भाकरी खपतात, मग पैसे जातात कुठं?” आई सुपात पानं लावत राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, “जातील कुठं? ती नफा घेतीच कुठं! ज्वारीचं, तेलाचं, शेंगदाण्याचं, जळणाचं पैसं निघालं की बास. तेवढ्यालाच विकती.”

मला वाटलं बाबा थट्टा करतात. पण आई ताठ मानेनं म्हणाली, “गणपतीनं व्याज सोडलं. त्याच्या कुंकू लावलेल्या पैशावर मी नफा खाऊ व्हय? फेड हूस्तर एक रुपाया बी मला नगं. मग बघू.”

अहो, पण फेडायचं कशातून? हे तिच्या डोक्यात शिरेना. मी तशीच अनवाणी पळत आप्पांकडं गेले आणि त्यांना अक्षरशः हाताला धरून ओढत आणलं.

आप्पा उंबऱ्यावर बसले, पाणी प्यायले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आक्का, उभा जन्म मी सरकारच्या बसमधनं हिंडलो. बस माझी नव्हं, डिझेल माझं नव्हं. मी पगार घेतला ते पाप झालं व्हय?”

“सरकार काय देव न्हाय,” आई म्हणाली.

आप्पांना एवढं चोख उत्तर मिळायची सवय नव्हती. मला तशातही हसू आलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. मग त्यांची नजर त्या दोन सुपांवर गेली आणि आवाज एकदम खाली आला.

“बरं. एजंट तुला विड्यांची मजुरी देतोय न्हवं? छाट काढून का हुईना, देतोय?”

“देतोय.”

“ती घेतीस?”

“घेती की. कष्टाची हाय.”

“आणि भाकरी थापायला कष्ट न्हाईत? एजंट तुला मजुरी देतो, आणि गणपती तुला फुकट राबवून घेतो, असं म्हणायचं हाय तुला? म्हंजे आमचा गणपती त्या एजंटापरास बी वाईट?”

आईनं चटकन दोन्ही गालांवर मारून घेतलं. “शिव शिव! काय बोलताय आप्पा!”

“मी न्हाय बोलत. तू बोलतीयास, रोज टोपली घिऊन.”

आई खाली बसली. आप्पा उठले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला गेले नाही. सुपापुढंही बसले नाही. आई म्हणाली, “चल माझ्याबरोबर.” स्टँडवर तिनं टोपली मांडली. पहिलंच गिऱ्हाईक चिक्कोडीकडचं, कन्नड बोलणारं. त्यानं दर विचारला, “एष्टु?” आई अडखळली. मग मान खाली घालूनच म्हणाली, “हत्तु.” दहा. आधी सहाला द्यायची. मला नंतर म्हणाली की मराठीत ते तोंडातून निघतच नव्हतं, कन्नडमध्ये कसं तरी निघालं. त्या माणसानं दहा रुपये दिले, भाकरी मोडून खाल्ली आणि बसमध्ये चढला. काहीसुद्धा झालं नाही. आई त्या बसकडं बघतच राहिली.

मग कोल्हापूरची एक बाई कटकटली, “आवो, मागच्या खेपंला तर सहा होती!” आई म्हणाली, “तवा कष्ट धरलं न्हवतं, बाई.” आणि ती बाईही दोन घेऊन गेली!

आता गल्लीत डॉल्बी परत आला आहे, आप्पाही राहिले नाहीत. मंडळातून पैसे मात्र अजून फिरतात. आईनंतर कितीजणींनी घेतले, कुणी शिलाईचं मशीन घेतलं, कुणी मिरची कांडायला लागली. गणपतीला गावी गेले की त्या बायका मला पाटावर बसवून जेवायला घालतात आणि मी पोट फुटेस्तोवर खाते. पण माझ्या मनात सगळ्यात वर राहिली आहे ती आई पहिल्यांदा ‘हत्तु’ म्हणाली त्या दिवसाची संध्याकाळ.

घरी आल्यावर आईनं पदरातले पैसे चटईवर ओतले. ज्वारीचे बाजूला केले. तेलाचे, शेंगदाण्याचे, जळणाचे केले. हप्त्याचे गणपतीचं नाव घेऊन वेगळे ठेवले. तरी चटईवर थोड्या नोटा आणि चिल्लर उरली. आई त्यांना हात लावेना. नुसतं बघत राहिली.

“ह्ये कुणाचं गं?” तिनं मला विचारलं.

“तुझे,” मी म्हटलं.

तिला पटेना. तिनं बाबांकडं बघितलं. बाबांनी मान हलवली. मग तिनं ते पैसे उचलले, मुठीत घट्ट धरले आणि मला म्हणाली, “मग उद्या शाळंला जा.”