हरणीची शिंक

साखर कारखान्यातल्या माणसाला हिवाळा नसतो, सीझन असतो. ऊस यायला लागला की मिल सुरू, आणि मिल सुरू झाली की रजेचं नाव काढायचं नाही. मी तिथं फिटर होतो. थंडीत इंदापूरच्या माळांवर काय काय उतरतं, हे मला निवृत्त होईपर्यंत माहीतच नव्हतं. तोवर मिलच्या धडधडाटानं माझे कान जवळजवळ निकामी केले होते. डोळे मात्र शाबूत राहिले. मुलानं आपला जुना कॅमेरा दिला, हातभर लांब लेन्स दिली, आणि साठीत मी पहिल्यांदा डिसेंबरची सकाळ उघड्यावर पाहिली. याबद्दल नेमके कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांचेच मानतो.

दर रविवारी बारामतीहून अंधारात निघायचं. कधी भिगवणकडं, धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला. पण माझा जीव खरा अंथुर्ण्याच्या पलीकडच्या गवताळ माळावर. तिथं गवतावरून अगदी खालून उडणारे भोवत्या ससाणे दिसतात आणि नशीब असेल तर चिंकारा हरणं. बायको कायम बरोबर. तिचं माहेर त्याच भागातलं, त्यामुळं तिलाही पाखरांचं वेड असणार असं मी धरूनच चाललो होतो. विचारलं कधी नाही.

घरात वाद एकच, माझ्या कानाच्या मशीनचा. मुलानं शेवटी स्पष्ट सांगितलं, "पप्पा, मशीन लावा, नाहीतर माळावर जाणं बंद करा. मागनं गाडी आली तरी तुम्हाला कळत नाही." मला मशीन म्हणजे म्हातारपणाचा बिल्ला वाटायचा. फोटो काढायला कान लागत नाहीत, असं मी ठणकावून सांगितलं. पण आतून धास्ती होती. माळ बंद झाला तर हा उशिरा हाती लागलेला हिवाळा गेलाच, हे मला ठाऊक होतं.

शिवाय फोटो तरी कुठं धड होते? रोहित छान यायचे, हरणं मात्र सगळी पाठमोरी. तीन हिवाळ्यांत माझ्याकडं हरणांच्या शेपट्यांचा मोठा संग्रह झाला होता. बायको विचारायची, "ह्या हरणांना तोंड बी असतंय का वो?"

त्या रविवारी ऊन नुकतंच गवतावर आलं होतं. बोरीच्या झुडपाआड एक हरणी उभी होती, तिचे फक्त कान दिसत होते. मी वाकून पुढं सरकायला लागलो, तेवढ्यात बायकोनं मागून माझा स्वेटर धरला आणि कानाजवळ आली.

"थांबा. शिंक झाली."

"मी नाही शिंकलो," मी कुजबुजलो. बहिऱ्याची कुजबुज ती, अर्ध्या माळाला ऐकू गेली असणार.

"मी बी न्हाय शिंकले. पण झाली न्हवं? बसा हितं. पाणी प्या, मग जावा."

निघताना शिंक झाली की दोन मिनिटं टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, हा तिच्या माहेरचा कायदा. हरीण समोर असताना पाळायचा कायदा नव्हे, असं माझं मत. पण स्वेटर तिच्या मुठीत होता. मी धुसफुसत गवतात बसकण मारली आणि बाटली तोंडाला लावली. उठायला गेलो तर तिनं पुन्हा खाली ओढलं. "आणि एकदा झाली," म्हणाली. कोण शिंकतंय ते तिलाही उमजत नव्हतं.

आमच्या डाव्या हाताला एक म्हातारे धनगर मेंढरं घेऊन उभे होते. ते जवळ आले आणि खांद्यावरचं घोंगडं सावरत हसले. ते काय बोलले ते बायकोनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. "आबा म्हणत्यात, हरणीच शिंकतीया. माणूस दिसला की शिंकती आणि पाय आपटती. तुमी शिंकंवर बी चालतच जाता, मग ती पळती."

मी तसाच बसून राहिलो. आम्ही हलत नाही असं पाहून हरणी झुडपाबाहेर आली, चार पावलं पुढं झाली आणि सरळ माझ्याकडं बघत राहिली. काळेभोर डोळे, नाकावर गडद डाग, ओठाशी गवताची काडी. मी फोटो काढला. माझा पहिला तोंडाचा फोटो. आनंद झालाच, पण लाजही वाटली. तीन हिवाळे ही जनावरं मला तोंडावर सांगत होती, थांब म्हणून, आणि मी ढिम्म चालत होतो.

त्याच आठवड्यात मशीन लावून घेतलं.

मशीन लावून माळावर गेलो तेव्हा आधी फक्त वाऱ्याची घोंघों ऐकू आली. मग हळूहळू सुटं सुटं यायला लागलं. टिटवी. बुटाखाली मोडणारं गवत. गळ्यातला कॅमेरा बटणांवर घासत होता, तेही. मी गाडीपासून वीसेक पावलांवर एका चंडोलासाठी बसलो होतो. बायको गाडीत होती, काच खाली, बहिणीशी फोनवर बोलत. मला ऐकू येत नाही या जुन्या सवयीनं ती मोकळेपणी बोलत होती.

"मला कुठली गं पाखरांची आवड? थंडीनं गुडघं धरत्यात माझं. पण ह्यांना मागनं काय आलं ते कळत न्हाय. एकट्याला कसं सोडू?"

चंडोल उडून गेला, मी कॅमेरा उचललाही नाही. तीन हिवाळे ती माझ्या मागून चालत होती, ती पाखरांसाठी नाही, मागच्या गाडीसाठी. माझ्या पाठीकडं बघत. मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून मी बराच वेळ लेन्स पुसत बसलो.

ऐकलं ते तिला सांगितलं नाही. तिला गुडघ्याचे मोजे तेवढे आणून दिले. सारखी थंडी थंडी म्हणतेस म्हणून आणले, असं सांगितलं. तसं ती कधीच म्हणाली नव्हती.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात थर्मास विसळत होती. माझ्याकडं न बघता, जरा हळूच म्हणाली, "आता मशीन हाय. उद्या एकटं जाताल न्हवं?"

शब्द न् शब्द ऐकू आला. एकटा जातो, तू घरी उबेत राहा, असंच म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं.

मी म्हणालो, "काय म्हणालीस?"

ती वळली. माझ्या कानातल्या मशीनकडं तिनं बघितलं, मग माझ्याकडं. आणि कपाटातून आपला स्वेटर काढून उद्यासाठी दारामागच्या खुंटीला अडकवला.